आम्ही बुजवलेली खांड

आजवर मी जेवढी पत्रकं लिहिली, त्या सगळ्यांत चोर दुसरा कुणीतरी होता. बिल्डर चोर, अधिकारी चोर, गप्प बसणारी जनता तर सगळ्यात मोठी चोर. लिहायला ते सोपं जातं. चार ओळी, तीन उद्गारचिन्हं आणि खाली ठळक अक्षरात "जागे व्हा". हे पत्रक नाही. यातल्या मुख्य गुन्ह्याच्या वेळी मी स्वतः घमेलं घेऊन उभी होते, आणि त्याचे फोटो आहेत.

मी आठवीत असताना आम्ही डोंबिवली सोडून ठाण्यात बाळकुमला आलो. पप्पा एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा जे हातात आलं त्यात कर्ज घालून त्यांनी एका कॉम्प्लेक्समध्ये नवव्या मजल्यावर घर घेतलं. पुढच्या बाजूच्या घरांना रस्ता दिसायचा, आम्हाला मागची बाजू मिळालेली. मागे कॉम्प्लेक्सची भिंत, भिंतीपलीकडे जुनं मिठागर, त्यापलीकडे खाडी. मीठ पिकवणं माझ्या जन्माआधीच थांबलेलं. मिठागराचा मातीचा बांध तेवढा उरला होता आणि आतल्या चिखलात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, माजली होती. बांधाला एके ठिकाणी भगदाड होतं, दोन दरवाजे शेजारी शेजारी लावले तर मावतील एवढं. त्यातून भरतीचं पाणी आत यायचं आणि ओहोटीला बाहेर जायचं. दिवसातून दोनदा. त्या भगदाडाला गावातले लोक खांड म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

शाळेतून आल्यावर मी त्या भिंतीवर चढून बसायचे. तिवराचं पान चाटून बघितलं तर जिभेला मीठ लागायचं. खारं पाणी पिऊन झाड नको ते मीठ पानावाटे बाहेर टाकतं. खाली चिखलात बुंध्याभोवती पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी मुळं वर आलेली. गळलेलं पान पडलं की खेकडा ते ओढत बिळात न्यायचा. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेला छोटा खेकडा बिळाच्या तोंडाशी उभा राहून ती नांगी हलवत बसायचा, कुणाला बोलावतोय की हाकलतोय ते कळायचं नाही. निवट्या चिखलावरून सरपटायच्या. निवटी म्हणजे पाण्याबाहेर उड्या मारणारा मासा, डोक्यावर डोळे, तोंडावर कायम रागावल्यासारखा भाव. निवट्या चिखलावरचं शेवाळ खायच्या, बगळे निवट्या खायचे, आणि गावातली एक मावशी बादली घेऊन यायची आणि दोघांच्या मधून आपला वाटा उचलायची.

हे सगळं मी बघितलेलं. यातलं प्रत्येक जण पाण्याच्या येण्यावर जगत होतं तेवढंच पाण्याच्या जाण्यावर, हे मात्र मी बघितलं नाही. बघणं आणि कळणं यात माझ्या बाबतीत दहा वर्षं गेली.

कॉलेजात मी एका गटात शिरले. सात-आठ जण होतो. टेंभी नाक्याजवळ एका चहावाल्याकडे बसायचो. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्याला सगळे दादा म्हणायचे. दादा बोलायला भारी, आणि पत्रक कसं लिहायचं ते मला त्यानेच शिकवलं. "एक शत्रू, एक मागणी, एक घोषणा. चौथी गोष्ट आली ना, की लोक कागदात भजी गुंडाळतात." मी शिकले. घोडबंदर रोडच्या सिग्नलला गाड्यांच्या काचांवर टकटक करून मी पत्रकं वाटलीत. लोक काच खाली करायचे, पत्रक घ्यायचे आणि तेच पत्रक डॅशबोर्ड पुसायला वापरायचे. तरी लिहायचे. तिवरं तोडणाऱ्यांविरुद्ध आम्ही अर्ज केला, या पट्ट्यात कुणी फावडं जरी लावलं तरी गुन्हा दाखल करा अशी मागणी केली, आणि चक्क तसा फलक लागला. ती आमची पहिली जीत. फलकाखाली उभं राहून आम्ही सेल्फी काढले.

मग त्या वर्षीच्या थंडीनंतर मला खांड खुपायला लागली. प्रत्येक भरतीला त्यातून थर्माकोल, पिशव्या, बाटल्या आत यायच्या आणि मुळांच्या पेन्सिलींत अडकायच्या. ओहोटीला सगळं पाणी निघून जायचं, कडेचा चिखल वाळून त्याला भेगा पडायच्या. कडेची दोन-चार तिवरं पिवळी दिसली. मी नवव्या मजल्यावरून बघितलं आणि निकाल दिला: पाणी टिकत नाही म्हणून झाडं सुकतायत.

हा निकाल मला कुणी शिकवला ते सांगते. आमचं गाव दुष्काळी माण तालुक्यात. मे महिन्यात गावी गेलो की अख्खं गाव टेकडीवर बांध घालत असायचं. शाळेच्या भिंतीवर निळ्या अक्षरात "पाणी अडवा, पाणी जिरवा". मी आधी ते वाचायला शिकले, बाराखडी नंतर. वाहून जाणारं पाणी म्हणजे पाप, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. नळ टपकत राहिला तर पप्पा झोपेतून उठतात. पाणी जाऊ द्यावं, त्यातच कुणाचं तरी भलं असेल, असा विचार आमच्या घराण्यात कुणाच्या डोक्यात कधी आलाच नाही.

मी लिहिलं: "पाणी अडवा, तिवर जगवा!"

दादाने वाचलं आणि टेबलावर हात मारला. "याला म्हणतात घोषणा!"

रविवारी सकाळी ओहोटी बघून श्रमदान ठरलं. कॉम्प्लेक्समधून पस्तीस-चाळीस माणसं आली. मी एवढ्या लोकांना पहिल्यांदाच घराबाहेर काढलं होतं. पप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, टोपी घातली आणि सगळ्यांचा ताबा घेतला. आधी तळाला दगड, मग मातीच्या गोण्या, विटांसारख्या सांधा चुकवून रचलेल्या, मध्ये चिकणमाती तुडवून भरलेली.

"काका, तुम्ही सिव्हिल इंजिनिअर का?" हातमोजे घातलेल्या एका आयटीवाल्याने विचारलं.

"फिटर."

"मग हे कुठे शिकलात?"

"हे शिकत न्हाईत. हे न केलं तर मरतात. पाय द्या त्या गोणीवर, नुसतं बघताय काय! मोजे काढा ते, माती काय चावती?"

लोक हसले. ठाण्यात इतकी वर्षं काढून पप्पांना येत असलेलं काही कुणी त्यांना पहिल्यांदाच विचारत होतं. माझा ऊर भरून आला. हे मी लपवणार नाही.

अर्धी खांड बुजली तेव्हा मावशी आली. साठीची, काटक, नऊवारी गुडघ्यावर खोचलेली, हातात बादली. तिचं घराणं याच मिठागरावर मीठ ओढायचं. आता त्यांची तीन मजली इमारत आहे, पण मावशीची बादली सुटलेली नाही.

"कला बुजवताव गो खांड?" तिने मला विचारलं. कला म्हणजे कशाला, आणि तिच्या बोलण्यात ड-ढ चा र होतो.

"तिवरं वाचवायला, मावशी."

"पानी जाल कुठशी मग?"

"जाऊ द्यायचं नाहीच आहे."

तिने बादली खाली ठेवली. "येरी झालीस काय? झारां मरतील ती."

मी तेव्हा जे बोलले ते शब्दाला शब्द लिहिते, कारण ते पुसून टाकायची मला फार इच्छा आहे. मी म्हणाले, "मावशी, तुम्हाला निवट्या मिळणार नाहीत म्हणून बोलताय ना? थोडा निसर्गाचा पण विचार करा."

आजूबाजूच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मावशी बादली घेऊन वळली आणि बांधावरून गेली. पाण्याबद्दल काही कळणारं त्या गर्दीत एकच माणूस होतं आणि त्याला मी घालवून दिलं, तेही निसर्गाच्या नावाने.

दुपारपर्यंत खांड बंद झाली. वडापाव वाटले, फोटो काढले. आठवड्याभरात होळीची पौर्णिमा आली. पौर्णिमा-अमावास्येला खाडीला उधाण असतं, भरती नेहमीपेक्षा वर चढते. ती बांधावरून आत उतरली आणि ओहोटी लागल्यावर बाहेर जायला तिला वाट उरली नाही. सकाळी खिडकी उघडली तर खाली तळं. तिवरांचे हिरवे शेंडे पाण्यात उलटे दिसत होते. कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर फोटोंचा पूर आला. "लेक व्ह्यू", "आपलं काश्मीर". पप्पा दिवसातून चारदा खिडकीशी जायचे.

पंधरा दिवसांनी मिठागराच्या सध्याच्या मालकाने पाठवलेले ट्रक आले. बांधाच्या आतल्या अंगाला, आमच्या गोण्यांच्या मागे, त्यांनी पाडलेल्या इमारतींचा राडारोडा ओतला आणि बांध दुप्पट रुंद केला. कोपऱ्यात पत्र्याची चौकी टाकली, वॉचमन बसवला. आम्ही काय केलं? "लोकसहभागाला मालकांचीही साथ" अशी पोस्ट टाकून त्यांचे आभार मानले. ती मीच लिहिली.

मग पाणी हिरवं झालं. मग काळपट. कॉम्प्लेक्सच्या एका गटाराचं तोंड तिकडेच होतं, तेही त्यात मिसळत होतं. बगळे यायचे थांबले. चैत्र अर्धा सरला तोवर पानं पिवळी पडायला लागली. कडेची दोन-चार नव्हे, सगळीच. मी म्हटलं ऊन फार आहे. दादा म्हणाला, पानगळ असेल. तिवराला पानगळ नसते हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं आणि आम्ही तिवर बचाव गट होतो.

एका संध्याकाळी मी भिंतीवर चढले. बुंध्यांवर काहीतरी हलत होतं. खेकडे. झाडाझाडावर, फांद्यांच्या बेचक्यांत, एकमेकांच्या पाठीवर. बिळं बुडाली होती, पाण्यातली हवा संपली होती, म्हणून जे चढू शकत होते ते वर आले होते. ज्यांना चढता आलं नाही ते पांढरी पोटं वर करून तरंगत होते. वास असा की तोंडात चव यावी. मी तिथेच उलटी केली.

त्यानंतर मी वाचलं. आधी वाचायला हवं होतं, हो. पेन्सिलीसारखी ती मुळं म्हणजे तिवराची नाकं. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढतं आणि ओहोटीच्या वेळात श्वास घेतं. भरतीला श्वास रोखतं, ओहोटीला सोडतं. आम्ही ओहोटीच बंद केली होती. आठवीच्या परीक्षेत मी श्वसनमुळांवर आकृतीसह उत्तर लिहिलेलं, पैकीच्या पैकी मार्क. आमच्या पत्रकातसुद्धा तो शब्द होता, कारण तो दिसायला भारदस्त होता.

मी मावशीच्या घरी गेले. खाली ओसरीत फरशीवर बसून ती सुके बोंबील निवडत होती. मला बघून हात थांबवला नाही.

"आली गो निसर्गवाली?"

"मावशी, चुकले."

"ता दिसतंय."

"पाणी सोडलं तर जगतील का?"

तिने बोंबलाचं डोकं तोडलं आणि टोपलीत टाकलं. "तुना सांगतंय, आयक. माजा बापूस मिठागरान होता. आगरान तिवर उगवला का काय करायचाव आमी ठाव हाय? कोयता नाय लागायचा. पानी कोंडून ठेवायचाव. दोन उधानां गेली का झार बसला. मंग हातानी उपटायचा." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "ज्याला मीठ पायजे त्यानी पानी कोंडायचा. ज्याला झार पायजे त्यानी सोरायचा. तुमी मिठागर केलाव, बाय."

मी तिच्या उंबऱ्यावर बसले. तिवर मारायची या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती आणि आम्ही ती झांज-ढोल न वाजवता, वडापाव खात, नेमकी तशीच पार पाडली होती. मालकाला हे माहीत असणार. गावातल्या कुणीतरी सांगितलंच असणार. राडारोड्याचे ट्रक मावशीच्याच पुतण्याचे होते. त्याचं नाव निघालं की ती थुंकते. "त्यानी झारां मारायला पैसं घेतलं, तुमी फुकट मारलाव," ती म्हणाली. हसली नाही.

"किती दिवस आहेत?"

"तीन उधानां गेली. चवथा येल अमावसला." मग टोपली बाजूला सारून, "काई असतील जिती. खोराला नख लावायचा. आत हिरवा दिसला तं हाय."

घरी येऊन पप्पांना सांगितलं. ते जेवत होते. ऐकून घास तसाच धरून बसले.

"पाणी अडवून झाड मरतं?"

"हे मरतं, पप्पा."

"आमच्याकडं न अडवल्यानं मेली. आंब्याची बाग गेली आमची, तुला ठाऊक न्हाई." ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, समजावल्यासारखं, मला की स्वतःला. मग ताट सरकवून उठले. त्या दिवसापासून त्यांनी ती खिडकी लावून घेतली. आई म्हणाली, "काय गरज होती त्यांना सांगायची? आयुष्यात एक काम मनासारखं झालेलं." मी तिच्यावर ओरडले. नंतर वाटलं, खरंच काय गरज होती.

दादाला भेटले. खांड पुन्हा फोडू, उद्याच, म्हणून हट्ट धरला. तो चहा ढवळत राहिला. "आपणच बांधली, आपणच फोडायची? लोक हसतील गं. पुढच्या वेळी चाळीस माणसं येतील का?"

"पुढच्या वेळी काय वाचवायला बोलावणार आहेस?"

"तू इमोशनल होऊ नको."

"होणार! मी मारलंय ते!"

चहावाला वळून बघायला लागला. दादा पैसे ठेवून उठला. गटाच्या ग्रुपवर रात्री ठरलं की या विषयावर सध्या कुणी काही पोस्ट करू नये. मला विचारलं नाही. एवढी वर्षं मी इतरांना गप्प बसणारे म्हणून शिव्या घातल्या. गप्प बसायचं कसं ठरतं ते आतून पहिल्यांदा बघितलं. कुणी दुष्ट नव्हतं त्यात. सगळ्यांना पुढचं काम करायचं होतं.

मग जिथे पहिला अर्ज दिला होता, ती सरकारी कचेरी. साहेब वयस्क होते, सभ्य होते, फाईल त्यांनी खरंच उघडली. माझा नवा अर्ज वाचला आणि त्याच फाईलमधून जुना काढून समोर ठेवला. सही माझीच.

"तुम्हीच लिहिलंय ना, इथे फावडं लावणाऱ्यावर गुन्हा दाखल करा म्हणून? आता तुम्हीच फावडं मागताय."

"साहेब, झाडं मरतायत."

"खारफुटीत खोदकाम करायचं तर समितीची परवानगी. समितीची बैठक पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यात परवानगी कशाची देणार? सरपणाची?"

त्यांना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मालकाचाही अर्ज आलाय. झाडं नैसर्गिकरीत्या मृत झाल्याचं त्यांचं म्हणणं. परवा पंचनामा आहे. यायचं तर या."

 नियम मला पाठ होता. झाडं आपोआप मेली अशी नोंद झाली, तर ती जमीन पुढेमागे मोकळी होणार. नुसती कोरडी करायची, की त्यावर टॉवर. पण माणसाने पाणी अडवून मारली अशी नोंद झाली, तर अडथळा काढून पाणी पुन्हा आत सोडायला सांगावं लागतं. म्हणजे त्या जमिनीला वाचवायला कुणीतरी गुन्हा कबूल करणं हाच एक मार्ग होता. आणि गुन्हा आमचा होता. फोटोंसकट.

दादाचा फोन आला. कुठून कळलं कोण जाणे. "तुझं नाव एकदा असं लागलं ना, तर तुझ्यावर केस होईल. तुझ्या पप्पांवर पण. त्यांनीच बांधलाय बांध, व्हिडिओत दिसतायत. विचार कर." तो धमकी देत नव्हता. खरंच काळजीने बोलत होता. मी पप्पांना विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे जास्त खरं.

पंचनाम्याला साहेब, एक कारकून, मालकाचा माणूस, मी आणि मावशी. मावशीला कुणी बोलावलं नव्हतं. ती कमरेएवढ्या त्या घाण पाण्यात सरळ उतरली आणि एकेका बुंध्याला नख लावत निघाली. आम्ही बांधावरून बघत होतो. नख लावायची, बघायची, पुढे जायची. पहिली सात-आठ झाडं ती नुसती पुढे गेली. मग एकाजवळ थांबली. "हाय!" ओरडली. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा, "हाय!" मालकाचा माणूस हसला. "मावशी, मॅरेथॉन आहे का?"  ती बाहेर आली तेव्हा तिच्या नखांत काळी साल अडकली होती.

"अकरा," ती म्हणाली. "आख्ख्या आगरान अकरा."

कारकून लिहीत होता. बहुतांश झाडे मृत. कारण: अज्ञात.

"अज्ञात नाही," मी म्हणाले. "लिहा. पाणी अडवल्यामुळे. आम्ही अडवलं." कारकुनाने साहेबांकडे बघितलं. साहेब मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बाळ, तुला कळतंय का तू काय सांगत्येस?"

"साहेब, तुम्हाला फोटो हवेत की व्हिडिओ? वडापावचा पण आहे."

मालकाच्या माणसाचं हसणं गेलं. तो लगेच फोनवर बोलायला लागला. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "तिनं न्हाई, मी बांधला. तिला बांध घालाय येत न्हाई."

पप्पा होते. टोपी घातलेली. कधी आले ते मला कळलं नाही. ते कारकुनापाशी गेले आणि गोण्या किती, माती कुठली, तळाला दगड कसे बसवले, सगळं सांगायला लागले. एका कामगाराने आपल्या कामाबद्दल सांगावं तसं, नीट, काही न वगळता. कारकुनाला लिहायला जमेना इतकं. आम्ही दोघांनी सह्या केल्या. मावशीने साक्षीदार म्हणून अंगठा उमटवला नाही, सही केली. मोठी, वळणदार. कारकून बघत राहिला.

"आता पाणी कधी सोडणार?" मी विचारलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "वर पाठवतो. आदेश आला की."

"अमावास्या चार दिवसांवर आहे."

ते गाडीत जाऊन बसले. गाडी गेली. मालकाचा माणूसही गेला. वॉचमन चौकीत बसून राहिला.

ओहोटी होती. बांधाच्या बाहेरच्या बाजूला खाडी पार लांब गेलेली आणि चिखल उघडा पडलेला. मावशी चिखलात उतरली. तिच्यामागे मी. पप्पा वर उभे राहून म्हणाले, "खालची ओढू नका, अंगावर येईल. ती निळ्या सुतळीची आधी." मग चपला काढून तेही उतरले. निळ्या सुतळीच्या गोणीला तिघांनी हात घातला. ती हलेना. पप्पांनी ती इतकी नीट बसवली होती की त्यांनाच शिव्या सुचल्या. वॉचमन वरून व्हिडिओ काढत म्हणाला, "चाचा, मत करो ना, मेरी नौकरी जाएगी."

"ये मग हात लाव, लवकर जाईल," मावशी म्हणाली.

गोणी निघाली. मग दुसरी, मग सुतळ्या तुटून चौथी-पाचवी. भरती वळेपर्यंत आमच्या जवळजवळ सगळ्या गोण्या चिखलात पसरल्या होत्या. मागे राडारोडा होता. सिमेंटचे तुकडे, सळया, फुटलेली संडासाची भांडी, पुरुषभर जाड. पप्पांनी एका सळईला धरून जोर लावला. मी त्यांच्या कमरेला धरलं. सळई वाकली, हलली नाही. तिच्या मुळाशी एक ओली रेघ आली, बोटाएवढी, काळी, आणि तिथेच थांबली. घोट्याशी थंड लागलं म्हणून खाली बघितलं तर भरती आली होती. मावशी म्हणाली, "वर चला, पानी चरतंय." पप्पांनी सळई सोडली नाही.